शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि घरची परिस्थिती: ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्याच्या तहसील कार्यालयापासून ऐरोली-घणसोलीच्या महा ई-सेवा केंद्रापर्यंत सगळीकडे एकाच कागदासाठी रांग लागते: उत्पन्नाचा दाखला. मुलं तो दाखला काढतात, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या पोर्टलवर चढवतात, आणि दोन-तीन महिन्यांनी अर्ज परत आलेला दिसतो. शेरा असतो ‘कौटुंबिक माहिती जुळत नाही’ किंवा असंच काहीतरी. अशा अर्जांत मदत करताना एक गोष्ट सारखी दिसते. मुलाचे गुण चांगले असतात, कागदही असतात. पण घराबद्दल योजनेने जे विचारलं होतं ते सोडून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं.

प्रत्येक योजना घराकडे आपापल्या नजरेने बघते. एकीला आईवडिलांची कमाई हवी असते. दुसरी वडील काय काम करतात हे विचारते. तिसरीला तुम्ही घरून ये-जा करता की खोली घेऊन राहता हे महत्त्वाचं वाटतं, चौथी तुम्ही कितवं अपत्य हे पाहते. आणि अप्रेंटिसशिपला, म्हणजे कंपनीत काम शिकता शिकता विद्यावेतन घेण्याला, तर घरच्या उत्पन्नाशी काही देणंघेणंच नसतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी योजना, मग तिचा घराबद्दलचा प्रश्न, मग कागद. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

पहिली पायरी: तुमचा जिल्हा कोणता, तालुका कोणता

हे विचारायची गरज नाही असं वाटेल, पण नवी मुंबईत आहे. दिघा, ऐरोली, रबाळे, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा नवी मुंबई महापालिकेचा सगळा पट्टा ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल मात्र रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात आहेत आणि २०१६ पासून तिथे वेगळी पनवेल महापालिका आहे. बोलताना आपण सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतो. अर्जात तसं चालत नाही.

राहण्याचा जिल्हा आणि कॉलेजचा जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखले राहत्या तालुक्याच्या तहसीलदारांकडून येतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची छाननी कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कार्यालयाकडे जाते. नेरूळला राहून खारघरच्या कॉलेजात शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला ठाण्याचा असेल, पण तिचा अर्ज तपासणारं समाजकल्याण कार्यालय रायगडचं, म्हणजे अलिबागचं असेल. अर्ज कुठे अडकला हे शोधताना ठाण्यात हेलपाटे घालून उपयोग नाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ठाणे जिल्ह्याचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय शहापूरला आहे, रायगडचं पेणला.

महापालिकेच्या स्वतःच्या योजनांना तर हद्द फारच काटेकोर लागू होते. नवी मुंबई महापालिकेच्या समाजविकास विभागाकडून विधवा व घटस्फोटित महिलांच्या मुलांना, आर्थिक दुर्बल घटकातल्या विद्यार्थ्यांना, सफाई, दगडखाण, बांधकाम आणि नाका कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती दिली जाते. खारघरचा विद्यार्थी त्यात बसत नाही. सिडको प्रकल्पग्रस्तांच्या पाल्यांना विद्यावेतन देते, तिथे पत्त्यापेक्षा घरची जमीन संपादित झाल्याचा पुरावा मोलाचा. आगरी-कोळी घरांतल्या कित्येक मुलांना हे ठाऊकच नसतं. आजोबांच्या नावचा कागद कपाटात पडून असतो आणि नातू कॉलेजची फी भरायला उसने पैसे शोधत असतो.

दुसरी पायरी: कोणाचं उत्पन्न धरायचं

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त अर्ज याच ठिकाणी बिघडतात.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. हे अडीच लाख कोणाचे, याचं उत्तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत वर्षानुवर्षे स्पष्ट लिहिलेलं आहे. आईवडिलांपैकी एक जण जरी हयात असला तरी फक्त आईवडिलांचंच उत्पन्न धरायचं. घरातला दुसरा कोणी कमावत असला तरी त्याची कमाई मोजायची नाही. विद्यार्थिनी विवाहित आणि बेरोजगार असेल तर नवऱ्याचं उत्पन्न धरायचं. आईवडील दोघंही नसतील तरच, जो पालक शिक्षणाचा खर्च उचलतो त्याचं.

आता हे कळव्याच्या चाळीतल्या एका घराला लावून बघा. वडील कंत्राटी सुरक्षारक्षक, महिना तेरा हजार. आई दोन घरची धुणीभांडी करते, चार हजार. मोठा भाऊ डिलिव्हरीचं काम करून महिन्याला अठरा हजार घरी आणतो. तिघांचे मिळून वर्षाला चार लाखांच्या वर जातात. फक्त आईवडिलांचे धरले तर दोन लाख चार हजार. पहिल्या हिशोबात मुलगी अपात्र, दुसऱ्यात पात्र. घर एकच, चूल एकच. दाखल्याच्या अर्जात भावाची कमाई मिळवायला कोणी सांगितलं, तर योजनेची मार्गदर्शक सूचना छापून सोबत न्या आणि नम्रपणे दाखवा. समोरचा माणूस दिवसाला शेकडो अर्ज बघतो. प्रत्येक योजनेचा नियम त्याच्या डोक्यात असेलच असं नाही.

त्याच सूचनांत पगारदार पालकांसाठी एक सवलत आहे. आयकरातून सूट मिळालेला घरभाडे भत्ता उत्पन्नात धरत नाहीत. मर्यादेच्या काठावर असलेल्या घराला एवढ्याने फरक पडतो, म्हणून पगारपत्रकातले भत्ते वेगवेगळे वाचा.

अडीच लाखांच्या वर गेलात म्हणून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं सगळं दार बंद होत नाही. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, बोलीभाषेत फ्रीशिप. तिथे फी भरली जाते, निर्वाह भत्ता मिळत नाही.

खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत चालतं. केंद्राचं ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र काढत असाल तर तिथे कुटुंब वेगळं मोजतात: स्वतः उमेदवार, आईवडील, अठरा वर्षांखालची भावंडं, नवरा किंवा बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. म्हणजे वीस वर्षांच्या कमावत्या भावाची कमाई इथेही बाहेरच राहते. पण उत्पन्न सगळ्या मार्गांचं धरतात, पगार, शेती, धंदा, आणि वर मालमत्तेच्या अटी येतात: पाच एकर शेतजमीन, हजार चौरस फुटांचं घर वगैरे. गावाला वडिलोपार्जित जमीन असेल तर सातबारा आधी नीट वाचा.

ओबीसी विद्यार्थ्यांच्या नॉन-क्रीमीलेअरचा, म्हणजे प्रवर्गातल्या पुढारलेल्या गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राचा, हिशोब तिसऱ्याच पद्धतीचा. केंद्राच्या १९९३ च्या आदेशानुसार उत्पन्नाच्या कसोटीत पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न मिळवलं जात नाही, आणि पाहिला जातो तो आईवडिलांचा दर्जा. उमेदवाराची स्वतःची कमाई किंवा नवऱ्याची कमाई नाही. लग्न झालेल्या मुलीलाही माहेरच्या आईवडिलांवरूनच प्रमाणपत्र मिळतं. त्यामुळे एकाच घरात उत्पन्नाच्या दाखल्यावर एक आकडा आणि नॉन-क्रीमीलेअरच्या हिशोबात दुसरा, असं होऊ शकतं. ते खोटं नसतं. फक्त शुल्काच्या योजनेला दोन्ही कागद लागत असतील तर दोन्हीच्या अटी वेगवेगळ्या पूर्ण व्हायला हव्यात.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ मिळतो. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही, खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ चालत नाही. कोट्यातून जागा ‘पक्की’ करून देतो म्हणणारे भेटतात, तेव्हा घरच्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. तिथे एकदा पैसे भरले की चार वर्षांची फीमाफी हातची जाते.

तिसरी पायरी: उत्पन्नाचा दाखला

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंत वैध असतो. म्हणून एप्रिल उजाडल्यावर, निकालाची वाट न बघता, नवीन आर्थिक वर्षाचा दाखला काढायला टाका. आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. मोबाइलवर कागद नीट स्कॅन होत नसतील तर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात जा. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन दाखले असतात. नॉन-क्रीमीलेअरसाठी तीन वर्षांचा लागतो, त्यामुळे ओबीसी घरांनी थेट तोच काढलेला बरा.

पालक पगारदार असतील तर फॉर्म १६ किंवा वेतन प्रमाणपत्र, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, व्यवसाय असेल तर आयकर विवरण. अडचण येते ती हातावर पोट असलेल्या घरांची. वडील नाक्यावर उभे राहतात, आई भाजी विकते. कागद कुठून आणणार? तिथे स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल हाच आधार असतो. तलाठ्यासमोर खरा आकडा सांगा. दोन्ही हातांनी राबणाऱ्या बापाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजार लिहून आणलेले दाखले मी पाहिले आहेत. मुंबईलगतच्या शहरात भाडं भरून चार माणसं त्यात जगतात यावर कोण विश्वास ठेवेल? अडीच लाखांच्या आत खरा आकडा बसत असेल तर तो खोटा कमी करून काहीच मिळत नाही, उलट अर्ज संशयात जातो.

गाव आणि शहर दोन्हीकडे पाय असलेल्या घरांनी एक गोष्ट ठरवून टाका. रेशन कार्ड साताऱ्याला, आधार दिव्याचं, वडिलांचं मतदान गावी, आईचं इथे. हे ठाण्यात घरोघरी आहे. दाखल्यांसाठी एकच पत्ता निवडा आणि विद्यार्थ्याचं आधार, आईवडिलांचं आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक शक्य तितकं त्या पत्त्यावर आणा. जातीचा दाखला मूळ गावच्या नोंदीवरूनच निघेल, तो वेगळा विषय. पण उत्पन्न आणि रहिवास एकाच ठिकाणचा असू द्या.

दाखला देण्याची मुदत लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ठरलेली आहे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पंधरा दिवस. पावतीवर अर्ज क्रमांक आणि तारीख असते. मुदत उलटली तर त्याच पोर्टलवरून पहिलं अपील करता येतं. भांडायची गरज नाही, एजंटाला पाचशे रुपये द्यायचीही नाही.

घरी राहता की बाहेर

शिक्षणाच्या मदतीत सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता घ्या. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, घरून ये-जा करणाऱ्याला ७,०००. साध्या पदवीला ६,००० आणि ३,०००. अकरावी-बारावी, आयटीआय, पदविका या गटात ४,००० आणि २,५००. ही रक्कम अपुरी आहे. वसतिगृहाचे ६,००० म्हणजे महिन्याला पाचशे. ठाण्यात महिन्याची मेससुद्धा त्यात निघत नाही.

खरा आधार मिळतो तो भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. ठाणे आणि नवी मुंबई ही शहरं मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर यांच्याबरोबर सगळ्यात वरच्या टप्प्यात आहेत: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००, एकूण वर्षाला ६०,००० रुपये. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना याच धर्तीवर आहे, आणि ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना.

पण स्वाधारची एक अट ठाणेकरांना आडवी येते. विद्यार्थी कॉलेज ज्या शहरात आहे तिथला स्थानिक रहिवासी नसावा. कोपरीची मुलगी ठाण्याच्या कॉलेजात शिकते, घर एका खोलीचं, अभ्यासाला जागा नाही म्हणून मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. तिला मिळत नाही. मुरबाडच्या पाड्यावरून वाशीला शिकायला आलेल्या मुलीला मिळू शकतं. त्यामुळे गावाहून आलेल्या विद्यार्थ्यांनी आधारवरचा पत्ता बदलण्याची घाई करू नये. कुणीतरी सांगतं, ‘इथलंच आधार करून टाक, बरं पडतं,’ आणि मुलगा नेमकं स्वाधारचं पात्रपण घालवून बसतो. मूळ गावचा रहिवास ठेवा, आणि इथल्या खोलीचा भाडेकरार, मालकाचं पत्र, कॉलेजचं उपस्थिती प्रमाणपत्र जमवा. हजेरीची अट पंच्याहत्तर टक्क्यांची आहे. पार्ट टाइम काम करणाऱ्या मुलांचा लाभ बहुधा इथेच तुटतो.

एकाच विद्यार्थ्याला दोन योजनांतून दोन पूर्ण निर्वाह भत्ते मिळतील असा हिशोब घरी मांडू नका. केंद्राच्या शिष्यवृत्तीचा नियम दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन सोबत घेऊ देत नाही. जास्त फायद्याची कोणती ते निवडायला देतो. आधी गणित करा, मग अर्ज.

वडिलांचं काम आणि तुम्ही कितवे

काही योजना उत्पन्नाआधी पालकाचा धंदा विचारतात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत पालक अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर आहेत का, हे पाहतात. ‘नोंदणीकृत’ याकडे लक्ष द्या. वडील वीस वर्षं सेंट्रिंगचं काम करत असतील आणि नोंदणी नसेल, तर सरकारच्या लेखी ते मजूर नाहीत.

म्हणून ज्या घरात बांधकाम मजूर आहे तिथे पहिलं काम मुलाच्या अर्जाचं नसून वडिलांच्या नोंदणीचं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नोंदणीचं नूतनीकरणही करावं लागतं. मंडळाकडून मुलांना पहिलीपासून मदत आहे: अकरावी-बारावीला वर्षाला १०,०००, पदवीला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,०००, वैद्यकीय पदवीला एक लाख. पहिल्या दोन अपत्यांसाठी. घोडबंदर रोडवर आणि नवी मुंबईच्या नोड-नोडमध्ये टॉवर उभे करणाऱ्या हातांच्या मुलांना हा पैसा मिळालाच पाहिजे. नोंदणीअभावी तो न मिळणं मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण ठेकेदाराने एक सही द्यायची असते.

दोन अपत्यांची अट राजर्षी शाहू योजनेतही आहे. तीन भावंडं असतील तर कोणाचा अभ्यासक्रम महाग आणि जास्त वर्षांचा आहे हे पाहून घरात आधी ठरवावं. थोरल्याने बीए करताना लाभ घेतला, मधलीने बीकॉमला घेतला आणि धाकटी इंजिनिअरिंगला गेली तेव्हा हात रिकामे, असं होतं. मला ही अट अन्यायाची वाटते. तिसरं मूल म्हणून जन्माला येणं ही मुलीची निवड नाही. पण अट आहे तोवर तिचा हिशोब करायला हवा. मुलगी असेल आणि ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसीत बसत असेल तर वर सांगितलेला २०२४ चा निर्णय आधी तपासा.

वर्षाच्या मध्ये घर बदललं तर

कमावत्या माणसाचा मृत्यू. हे लिहितानाही जड जातं, पण कोविडच्या वर्षांत ठाण्याच्या कितीतरी घरांत हेच झालं आणि मुलांनी शिक्षण सोडलं, कारण त्यांच्याकडे मागच्या वर्षीचा, वडील असतानाचा दाखला होता. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या सूचनांत याची तरतूद आहे. आईवडिलांपैकी कमावत्याच्या मृत्यूमुळे उत्पन्न मर्यादेखाली आलं तर विद्यार्थी त्या महिन्यापासून पात्र ठरतो, आणि अर्जाची शेवटची तारीख उलटून गेली असली तरी सहानुभूतीने विचार करता येतो. मृत्यू दाखला आणि आईच्या एकटीच्या उत्पन्नाचा नवीन दाखला जोडून कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकामार्फत लेखी अर्ज द्या. पोहोच घ्या. तोंडी विचारलंत तर ‘तारीख गेली’ एवढंच उत्तर मिळेल.

वडील गेले, घटस्फोट झाला, आईने एकटीने वाढवलं, पालक तुरुंगात आहेत किंवा गंभीर आजारी आहेत, आणि मूल अठरा वर्षांखालचं आहे, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम १,१०० होती. अर्ज महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे, मंजुरी बालकल्याण समितीची. अकरावी-बारावीतल्या मुलांनाही ती लागू आहे. ती फक्त लहान मुलांची योजना समजून कित्येक आया अर्जच करत नाहीत.

आईवडील वेगळे राहतात पण कायदेशीर घटस्फोट नाही, हा सगळ्यात अवघड प्रसंग. कागदावर वडील हयात, त्यांचं उत्पन्न धरलं जातं, आणि ते एक रुपया देत नाहीत. न्यायालयात पोटगीचं किंवा घटस्फोटाचं प्रकरण चालू असेल तर त्याची प्रत जोडा. नसेल तर आईचं प्रतिज्ञापत्र, वेगळ्या रेशन कार्डाचा पुरावा आणि तलाठ्याच्या चौकशी अहवालात ‘वडील सोबत राहत नाहीत’ ही नोंद, एवढं तरी हवं. प्रोफाइलमध्ये वडिलांच्या रकान्यात मात्र ‘हयात नाहीत’ असं कधीही लिहू नका. असा सल्ला देणारे आहेत. ते खोटं आहे, आणि मुलाच्या पुढच्या सगळ्या कागदांना ते चिकटतं.

आईवडील दोघंही नसलेल्या मुलांनी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र काढून ठेवावं. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि २०२४ च्या फीमाफीच्या निर्णयात अनाथ मुलं-मुली दोघंही आहेत.

अप्रेंटिस असाल तर

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा, अंबरनाथ. हा सगळा औद्योगिक पट्टा अप्रेंटिसवर चालतो, आणि इथे घरच्या उत्पन्नाची मर्यादा नाही. वडील बँकेत अधिकारी असोत की हमाल, शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन त्याच्या स्वतःच्या शिक्षणावर ठरतं. २०१९ च्या सुधारित नियमांनी किमान दर असे लावले: पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,००० रुपये महिना. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के, तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ. हे किमान आहे; अनेक कंपन्या जास्त देतात. करार करण्याआधी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर त्या दिवशीचा दर बघा.

राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत सरकार या विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. बाकीचे कंपनीने द्यायचे. म्हणजे पैसे दोन ठिकाणांहून येतात. खात्यात १,५०० कमी दिसले म्हणून कंपनीशी वाद घालण्याआधी आधार बँकेशी जोडलेलं आहे का ते तपासा. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवं, आणि मान्य रजेचे पैसे कापता येत नाहीत.

घराचा संबंध तीन ठिकाणी येतो. उमेदवार अठरा वर्षांखालचा असेल तर करारावर पालकाची सही लागते. वडील गावी असतील, येऊ शकत नसतील, तर ते आधीच ठरवा. यासाठी रुजू होणं लांबलेली मुलं आहेत. दुसरं, धाकट्या भावंडाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तुमचं विद्यावेतन मोजायचं नाही, कारण तुम्ही आईवडील नाही. घरात या भीतीने मोठ्याला अप्रेंटिसशिपला पाठवायला कचरतात, ती भीती निराधार आहे. तिसरं, अप्रेंटिसशिप सोडून पुढे पूर्णवेळ शिक्षण घेणार असाल तर तुमचा स्वतःचा अर्ज पुन्हा नव्याने आईवडिलांच्या उत्पन्नावर तपासला जाईल.

आयटीआयमध्ये शिकत असताना मिळणारं विद्यावेतन ही वेगळी गोष्ट आहे. राज्याने ते महिन्याला ४० रुपयांवरून ५०० केलं. आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ची, तिलाही कौटुंबिक उत्पन्नाची अट नाही: बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना. वय १८ ते ३५. पण शिक्षण चालू असलेल्यांसाठी ती नाही, त्यामुळे कॉलेज करता करता ती घेण्याचा विचार सोडा.

महाडीबीटीवर बसण्याआधी

आईला किंवा वडिलांना शेजारी बसवा. प्रोफाइलमध्ये वडील हयात आहेत का, नोकरी कसली, आई कमावते का, हे प्रश्न आहेत, आणि मुलं घाईत अंदाजाने टिक करत जातात. दाखल्यावर आईची कमाई धरलेली आणि प्रोफाइलमध्ये आई ‘गृहिणी’, एवढ्यावर अर्ज परत येतो.

नाव आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि बँकेत एकच आहे का ते अक्षर न् अक्षर जुळवा. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं हवं. आधार बँकेला नुसतं दिलेलं असून भागत नाही. ते थेट लाभासाठी मॅप झालेलं आहे का, हे बँकेत विचारून घ्या. एकाहून जास्त खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कुणाच्या तरी सांगण्यावरून मोबाइलवर उघडलेलं आणि विसरलेलं खातं असेल तर शोधा. पैसे तिथे पडलेले असू शकतात.

अर्ज दाखल केल्यावर तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो. कॉलेजने पुढे पाठवला नाही तर समाजकल्याण कार्यालय काहीही करू शकत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघा. परत आला असेल तर शेऱ्यात नेमकं काय मागितलं आहे तेवढंच दुरुस्त करा. बाकीच्या रकान्यांना हात लावू नका. कौटुंबिक माहितीचा शेरा असेल तर नवीन कागद चढवण्याआधी पुन्हा एकदा पाहा की ही योजना कोणाचं उत्पन्न मोजते, आणि तुमच्या दाखल्यावर कोणाचं मोजलं आहे.